विदर्भातल्या चार शेअरांवर घासून पाहिलेला ‘स्क्रीनर’

नागपूरच्या धरमपेठेत सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीभोवती शेअरबाजाराचा वाद पेटला की पाच मिनिटांत तो पीईवर, म्हणजे शेअरचा भाव शेअरमागच्या वर्षाच्या कमाईच्या किती पट आहे यावर येतो. “मॉईल अठराच्या पीईवर भेटून राहिला, सोलर शंभराच्या वर आहे. आता सांगा, महाग कोणता?” मग दोन्ही पक्ष मोबाइल काढतात आणि बहुतेक वेळा दोघांसमोर एकच पान उघडलेलं असतं, कंपन्यांचे आकडे दाखवणाऱ्या स्क्रीनर डॉट इन या साइटचं. भांडण मिटत नाही, कारण दोघंही त्या पानाचा वरचा तळहाताएवढा भाग वाचत असतात. पान खाली बरंच लांब आहे.

मत आधीच देऊन टाकतो. वरच्या पेटीतले आकडे पाहून शेअर स्वस्त की महाग ठरवणार असाल, तर स्क्रीनरला पाचपैकी दोन तारे. पानाच्या खालच्या अर्ध्यासाठी आणि एक्सेलच्या बटणासाठी साडेचार. हे का, ते आपल्याकडच्याच कंपन्या घेऊन पाहू: नागपूरच्या मॉईल (सरकारी मँगनीज खाणी), सोलर इंडस्ट्रीज (स्फोटकं) आणि सनफ्लॅग (पोलाद), आणि चंद्रपूर-गडचिरोलीची लॉइड्स मेटल्स (लोहखनिज).

ज्यांनी उघडलंच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कंपनीचं नाव टाका, एक लांबलचक पान येतं. वर बाजारमूल्य, भाव, पीई, पुस्तकी मूल्य, लाभांश उतारा (भावाच्या किती टक्के लाभांश), आरओसीई (धंद्यात गुंतलेल्या एकूण भांडवलावरचा परतावा), आरओई (फक्त भागधारकांच्या भांडवलावरचा), दर्शनी किंमत. त्याखाली भावाचा आलेख, मग समव्यवसायी कंपन्यांची तुलना, तिमाही निकाल, दहा-बारा वर्षांचं नफा-तोटा पत्रक, ताळेबंद, रोख प्रवाह, गुणोत्तरं, भागधारणा आणि सगळ्यात तळाशी कागदपत्रं. ईमेल देऊन खातं उघडलं की घरगुती गुंतवणूकदाराची बहुतेक कामं फुकटात होतात. पैसे भरायची आवृत्तीही आहे, पण पहिलं वर्षभर तिच्याकडे बघायचं कारण नाही. सगळं इंग्रजीत आहे. जाहिरातींचा मारा नाही, “आजचे पाच मल्टिबॅगर” नाहीत, आणि हा या साइटचा फार मोठा गुण आहे.

मॉईलचं पान घ्या. मुख्यालय काटोल रोडवर, खाणी नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगावला, भंडाऱ्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला, पलीकडे मध्य प्रदेशात बालाघाट, उकवा, तिरोडीला. माल एकच, मँगनीज खनिज, थोडं फेरोमँगनीज आणि ईएमडी (बॅटरीत लागणारं मँगनीज डायऑक्साइड) सोबत. नफा-तोटा पत्रकातली निव्वळ नफ्याची ओळ मार्च २०१६ ला संपलेल्या वर्षापासून डावीकडून उजवीकडे वाचली की साधारण असे आकडे येतात, कोटींत: १७३, ३०६, ४२२, ४७४, २४८, १७७, ३७७, २५१, २९३, ३८२. ही ओळ वाचायला वीस सेकंद लागतात आणि निम्मा वाद इथेच संपायला हवा. हा चढता जिना नाही. हा पाळणा आहे.

असं का होतं, ते खाणीच्या खर्चात आहे. मजुरी, भुयारातली कामं, पंप, वीज, देखभाल हे खर्च खनिजाचा भाव पडला म्हणून कमी होत नाहीत. म्हणून भावातला प्रत्येक रुपया जवळपास तसाच नफ्यावर येऊन आदळतो. समजा वर्षाला १५ लाख टन विक्री आहे आणि सरासरी भाव टनामागे १,००० रुपयांनी वाढला. करपूर्व नफ्यात १५० कोटींची भर, रॉयल्टी वजा करून थोडी कमी. २५ टक्के कर कापला तर ११० कोटींच्या आसपास. शेअर आहेत २०.३५ कोटी, म्हणजे शेअरमागे पाच-साडेपाच रुपये. भाव तेवढाच पडला की हिशेब उलटा.

आता मार्च २०१९ चा रकाना पाहा. नफा ४७४ कोटी, तेव्हा शेअर होते सुमारे २५.७६ कोटी, म्हणजे शेअरमागे कमाई १८ रुपयांच्या थोडी वर. शेअरचा भाव दीडशेच्या घरात होता. पीई आठ-नऊ. कर्ज नाही, सरकारी कंपनी, लाभांश नियमित. पोह्याच्या गाडीवर यापेक्षा स्वस्त काय दाखवणार? दोन वर्षांत नफा १७७ कोटींवर आला. नफा शिखरावर असतो तेव्हा पीई तळाला असतो, आणि नफा मार खातो तेव्हा तोच शेअर महाग दिसतो. चक्री धंद्यात कमी पीई ही बऱ्याचदा ‘आता उतार आहे’ अशी पाटी असते. स्क्रीनरच्या भावाच्या आलेखावर पीईचं बटण आहे आणि तो मध्यक पीईची आडवी रेघही काढून देतो. मॉईलसाठी त्या रेघेकडे पाहू नका. ज्याने भागायचं तो नफाच दरवर्षी नाचत असेल, तर पीईची मध्यरेघ काहीच सांगत नाही.

त्याऐवजी हे करा. वरच्या दहा वर्षांची बेरीज ३,१०३ कोटी, सरासरी ३१० कोटी. २०.३५ कोटी शेअरांनी भागलं की १५ रुपये २५ पैसे. शेअरचा भाव ३५० धरला तर मार्च २०२५ च्या नफ्यावर पीई १८.६ येतो आणि दहा वर्षांच्या सरासरी नफ्यावर २३. वाद घालायचा तर या २३ वर घाला. कोणी म्हणेल, उत्पादन वाढलंय, २०२४-२५ मध्ये १८ लाख टनांच्या वर गेलं, मग जुनी सरासरी कशाला? हा मुद्दा रास्त आहे. सरासरी टनामागे काढा आणि आजच्या टनांनी गुणा. पण मग उत्पादनासोबत विक्रीही वाढली का, ते तपासा. खाणीच्या तोंडाशी पडलेला साठा गुणोत्तरांच्या तक्त्यात ‘इन्व्हेंटरी डेज’च्या ओळीत दिसतो.

पान सर्वांत जास्त फसवतं ते वाढीच्या छोट्या चौकटीत. नफा-तोटा पत्रकाखाली दहा, पाच, तीन वर्षांची चक्रवाढ नफावाढ छापलेली असते. मार्च २०२० ते मार्च २०२५ घेतलं तर मॉईलचा नफा वर्षाला ९ टक्क्यांनी वाढला. फक्त एक वर्ष मागे सरका, मार्च २०१९ ते मार्च २०२४, आणि तोच नफा वर्षाला ९ टक्क्यांनी घटला. कंपनी तीच, कालावधी पाच वर्षांचाच. स्क्रीनरने गणित चुकवलेलं नाही. दोन टोकांच्या मधलं काही त्या सूत्राला दिसतच नाही. पाळण्याचा फोटो कोणत्या क्षणी काढला, एवढंच ते सांगतं.

शेअरांची संख्या हीही एक खोच. २०१७ च्या बोनसनंतर मॉईलचे २६.६४ कोटी शेअर होते, बायबॅक (कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं) होत होत २०.३५ कोटी राहिले. म्हणून एकूण नफ्याची वाढ आणि शेअरमागे कमाईची वाढ वेगवेगळी येते. भागधारकाला दुसरी हवी. पण बायबॅकमध्ये कंपनीची रोख बाहेर गेलेली असते हेही मोजावं लागतं. शिल्लक रोखीवरचं व्याज ‘इतर उत्पन्न’ या ओळीत येतं आणि मॉईलच्या बाबतीत ती ओळ दुर्लक्ष करण्याइतकी लहान नाही. काटेकोर हिशेब करायचा तर इतर उत्पन्न बाजूला काढा, रोख बाजारमूल्यातून वजा करा आणि उरलेल्या धंद्याचा भाव मोजा.

मग मॉईलचा अंदाज बांधायचा कसा? पानाच्या तळाशी जा. कागदपत्रांच्या भागात शेअरबाजाराला कळवलेल्या घोषणा ओळीने लागलेल्या असतात. मॉईल खनिजाचे भाव बदलते तेव्हा तिथे कळवते, कोणत्या प्रतीचा भाव किती टक्के वर किंवा खाली गेला यासकट. ४४ टक्के आणि वरच्या मँगनीजचं फेरो ग्रेड, त्याखालचं फेरो ग्रेड, एसएमजीआर (सिलिकोमँगनीजसाठीचं), फाइन्स (बारीक चुरा), केमिकल ग्रेड असे प्रकार असतात. मागच्या बारा महिन्यांच्या या घोषणा एका वहीत उतरवल्या की पुढच्या तिमाहीची दिशा निकालाच्या आधी कळते. पीईच्या चौकटीत ही माहिती तीन-चार महिन्यांनी पोचते.

याचं एक उदाहरण घ्या. मार्च २०२४ मध्ये मेगन चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातल्या ग्रूट आयलंडवर साउथ-३२ कंपनीच्या खाणीचा जहाजधक्का मोडला. जगातल्या मोठ्या मँगनीज पुरवठादारांपैकी एकाची निर्यात बंद पडली, खनिजाचे भाव उडाले, आणि मार्चमध्ये तीनशेच्या खाली असलेला मॉईलचा शेअर जुलैत पावणेसहाशेच्या वर गेला. २०२५ मध्ये तो धक्का दुरुस्त होऊन जहाजं निघू लागली. काटोल रोडवरच्या कंपनीचं मूल्यांकन ऑस्ट्रेलियातल्या एका बंदरावर हेलकावत होतं आणि पानाच्या वरच्या पेटीत याचा मागमूस नव्हता. २०२४ च्या त्याच जुलैत, २५ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खनिज हक्कांवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. हा धोका कुठल्या गुणोत्तरात येणार? वार्षिक अहवालातली ‘आकस्मिक देणी’ ही टीप वाचावी लागते.

आता दुसऱ्या प्रकारची फसगत: एकरकमी नफा-तोटा. लॉइड्स मेटल्स आणि सनफ्लॅग यांच्यातला जुना वाद २०२२ मध्ये मिटला. लॉइड्सने त्यापोटी हजार कोटींहून मोठी रक्कम अपवादात्मक खर्च म्हणून दाखवली, मोबदला पुढे शेअरांत बदलता येणाऱ्या रोख्यांच्या रूपात दिला आणि मार्च २०२३ चं वर्ष तोट्यात गेलं. तिकडे सनफ्लॅगच्या त्याच वर्षाच्या नफ्यात नेहमीच्या कित्येक पट आकडा आला. एकाच व्यवहाराने दोन कंपन्यांची पत्रकं विरुद्ध दिशांनी वाकडी केली. सनफ्लॅगच्या भंडाऱ्याजवळच्या कारखान्यात त्या वर्षी पोलाद काही दहापट जास्त निघालं नव्हतं.

स्क्रीनरवर हे ओळखण्याची सोय चांगली आहे, फक्त ती दडलेली आहे. नफा-तोटा पत्रकात ‘इतर उत्पन्न’ या शब्दांसमोर बारीक अधिक चिन्ह असतं. ते दाबलं की ओळ फुटते आणि अपवादात्मक बाब वेगळी दिसते. खर्च, कर्ज, इतर मालमत्ता यांच्याही समोर अशीच चिन्हं आहेत. कर्जाचं चिन्ह दाबल्यावर भाडेपट्ट्याची देणी वेगळी निघतात. एप्रिल २०१९ पासून हिशेबाचे नियम बदलल्याने ती ताळेबंदात आली आहेत, आणि दुकानांच्या साखळ्यांचं ‘कर्ज’ पाहून दचकणाऱ्यांनी आधी ती वजा करावीत. नियम सोपा ठेवा: नफा एका वर्षात दुप्पट किंवा निम्मा झाला आणि विक्री जागेवर असेल, तर अधिक चिन्ह दाबल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सनफ्लॅगमध्ये आणखी एक गाठ आहे. तिच्या ताळेबंदातली ‘गुंतवणुका’ ही ओळ फुगलेली आहे, कारण त्या तडजोडीतून आलेला लॉइड्सचा हिस्सा. त्यामुळे तिचा पीई आणि आरओई दोन्ही निरुपयोगी होतात. बाजारमूल्यातून त्या गुंतवणुकीची आजच्या भावाची किंमत वजा करावी, तीही पूर्ण नाही. विकली तर कर लागेल, आणि प्रवर्तक विकतीलच असं नाही, म्हणून ३० ते ५० टक्के सूट धरणारे शहाणे. उरलेल्या रकमेची तुलना पोलाद धंद्याच्या परिचालन नफ्याशी करा. स्क्रीनरवरचा ताळेबंद मार्च आणि सप्टेंबरचाच असतो, कारण कंपन्या तो सहा महिन्यांनी एकदाच देतात. गुंतवणुकीची किंमत तिथून उचलली तर ती शिळी असते. शेअरसंख्या वार्षिक अहवालातून घ्या आणि भावाने स्वतः गुणा.

सोलर इंडस्ट्रीजवर भांडण वेगळं आहे. इथे नफा खरोखर वाढत आलाय. बाजारगावजवळच्या चाकडोहला कारखाना, खाणींना लागणारी स्फोटकं हा मूळ धंदा, आणि आता पिनाकाचे अग्निबाण, नागास्त्र ड्रोन यांसारखी संरक्षण सामग्री. फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज या उपकंपनीला पिनाकासाठी ६,०८४ कोटींचं काम दिलं. मार्च २०२५ च्या वर्षात विक्री साधारण ७,५४० कोटी.

पहिली अडचण नफ्याच्या ओळीत. एकत्रित, म्हणजे उपकंपन्या धरून केलेल्या पत्रकात त्या वर्षी निव्वळ नफा १,२८८ कोटी दिसतो. पण उपकंपन्यांमध्ये बाहेरच्या भागीदारांचाही हिस्सा असतो. तो वगळून सोलरच्या भागधारकांच्या वाट्याला १,२०९ कोटी येतात. बाजारमूल्याला १,२८८ ने भागाल तर शेअर सहा टक्के स्वस्त दिसेल. शेअरमागे कमाईची ओळ मात्र हिस्सा वगळूनच दिलेली असते, म्हणून अशा कंपन्यांत भागाकार त्या ओळीने करा.

दुसरी अडचण विक्रीची. मार्च २०२३ ला विक्री ६,९२० कोटींच्या घरात, पुढच्या वर्षी ६,०७० कोटी. विक्री घटली म्हणून घाबरणारे भेटतात, पण नफा त्या वर्षीही वाढला. कारण कच्चा माल, अमोनियम नायट्रेट. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर त्याचे भाव भडकले, आणि कोल इंडियासारख्या ग्राहकांसोबतच्या करारांत कच्च्या मालाची भाववाढ ग्राहकाकडून वसूल करायची तरतूद असल्याने विक्रीचा आकडा फुगला. भाव उतरले तसा तो आटला. अशा धंद्यात परिचालन नफ्याची टक्केवारीही फसवी ठरते. विक्री फुगली की टक्के कमी आणि आटली की जास्त दिसतात. टनामागे नफा पाहायचा. तो स्क्रीनरवर नाही, पण तिमाही सादरीकरणात विक्रीचं आकारमान मिळतं आणि सादरीकरणाचा दुवा तळाच्या ‘कॉनकॉल’ (व्यवस्थापन आणि विश्लेषकांचं फोनवरचं संभाषण) रकान्यात आहे. संभाषणाची लेखी प्रत कंपनीला पाच कामकाजी दिवसांत द्यावी लागते. ती वाचताना व्यवस्थापनाचं सुरुवातीचं भाषण सोडा, प्रश्नोत्तरांपासून सुरू करा.

आता शंभरीचा पीई. तो जास्त आहे का, यावर तासभर बोलण्यापेक्षा उलटं गणित मांडा. समजा भाव १४,०००. शेअर ९.०५ कोटी, म्हणजे बाजारमूल्य सुमारे १,२६,७०० कोटी. वर्षाला १२ टक्के परतावा दहा वर्षं हवा असेल, तर बाजारमूल्य ३.१ पट, म्हणजे ३,९३,५०० कोटींच्या आसपास जायला हवं. दहा वर्षांनी कंपनी मोठी झाली असेल, वाढ मंदावली असेल, तेव्हा बाजार तिला किती पीई देईल? ३५ धरला तर नफा लागेल ११,२४० कोटी. मार्च २०२५ च्या १,२०९ कोटींच्या ९.३ पट. म्हणजे दहाही वर्षं, मधे न अडखळता, वर्षाला २५ टक्के वाढ. शेवटचा पीई ५० मिळाला तर २०.६ टक्क्यांत भागतं. २५ च मिळाला तर २९ टक्के लागतात. लाभांश इतका थोडा आहे की धरला नाही तरी चालेल.

एवढं मांडल्यावर वादाची जागा बदलते. ‘महाग आहे’, ‘दर्जाला किंमत असते’ ही वाक्यं गळून पडतात आणि खरा प्रश्न उरतो: स्फोटकं, निर्यात आणि संरक्षण मिळून ११ हजार कोटींचा नफा कुठून येणार? त्याचे तुकडे पाडा, प्रत्येकाला विक्री आणि नफ्याचे टक्के लावा. बेरीज जमते असं ज्याला वाटतं त्याने घ्यावा. माझ्या मते ३५ च्या वरचा अंतिम पीई धरणं म्हणजे उत्तर आधी ठरवून गणित सोडवणं. आणि मिळणाऱ्या १२ टक्क्यांतून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे, साडेबारा टक्के कर जायचाच आहे.

एक गोष्ट आकड्यांत कधीच बसणार नाही. १७ डिसेंबर २०२३ ला याच बाजारगावच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार गेले. स्फोटकांच्या धंद्यात अशा घटनेमागून चौकशी, परवाने, काम थांबणं हे सगळं येऊ शकतं. पन्नासच्या पीईला हा धोका जेवढा झोंबतो त्याच्या दुप्पट शंभराच्या पीईला झोंबतो.

समव्यवसायी कंपन्यांचा तक्ता पाहिला नाही तरी चालतो. गट उद्योगाच्या सरकारी वर्गीकरणासारखे पडतात. सोलरशेजारी प्रीमियर एक्स्प्लोझिव्ह्जसारखी कितीतरी लहान कंपनी येते. ‘गुण-दोष’ अशी एक पेटीही आहे. ती यंत्र लिहितं, हे साइट स्वतःच सांगते. ‘कंपनी जवळपास कर्जमुक्त आहे’ एवढंच तिच्याकडून घ्यावं.

चाळणी, म्हणजे ‘स्क्रीन’ हे ज्याच्यामुळे साइटला नाव मिळालं, ते खरं तर मर्यादित कामाचं साधन आहे. अटी इंग्रजीत टाइप कराव्या लागतात आणि दोन अटींमध्ये ‘अँड’ लिहावं लागतं. पीई १५ च्या खाली आणि आरओसीई २० च्या वर, ही सगळ्यांची पहिली चाळणी. त्यातून जे पडतं त्यात शिखरावरच्या चक्री कंपन्या आणि एकरकमी नफेवाल्या कंपन्यांची गर्दी असते. मार्च २०१९ ची मॉईल अशाच चाळणीतून पहिल्या दमात निघाली असती. चाळणीत एका वर्षाच्या आरओसीईऐवजी पाच किंवा दहा वर्षांची सरासरी घाला. बाजारमूल्य ५०० कोटींच्या वर, कर्ज-भांडवल गुणोत्तर ०.५ च्या खाली, तारण ठेवलेले प्रवर्तक शेअर शून्य, आणि पाच वर्षांचा धंद्यातून आलेला रोख प्रवाह त्याच पाच वर्षांच्या नफ्याच्या निदान ८० टक्के. शेवटची अट सगळ्यात जास्त कचरा उडवते. बँका आणि वित्तकंपन्या यात बाद होतील. त्यांचा रोख प्रवाह आणि कर्ज यांचा अर्थच वेगळा, त्यांची चाळणी स्वतंत्र करावी.

एक्सेलकडे मात्र वळाच. आपल्या खात्यात प्रवेश करून कंपनीच्या पानावर वरती ‘एक्सपोर्ट टू एक्सेल’ दाबा. फाइलमध्ये शेवटी ‘डेटा शीट’ नावाचं पान असतं, सगळे कच्चे आकडे तिथे. एक नवं पान जोडा आणि त्यात आपली सूत्रं त्या डेटा शीटकडे बोट दाखवून लिहा: दहा वर्षांचा सरासरी नफा भागिले आजचे शेअर, दहा वर्षांच्या रोख प्रवाहाची बेरीज भागिले नफ्याची बेरीज, वरचं उलटं गणित. मग ही फाइल साइटवर आपला नमुना म्हणून चढवा. यापुढे कोणत्याही कंपनीची फाइल उतरवली की तुमची सूत्रं भरूनच येतात. डेटा शीटमधली एकही ओळ हलवू नका, नाहीतर पुढच्या कंपनीत विक्रीच्या जागी खर्च येऊन बसेल आणि सूत्र तक्रारही करणार नाही. नवी कंपनी असेल तर जुने रकाने रिकामे राहतात. सरासरी काढताना ते शून्य म्हणून मोजले जात नाहीत ना, हे तपासा. आणि फाइलमधला भाव उतरवला त्या दिवसाचा असतो.

बाजार एकूण महाग आहे का, या प्रश्नाला स्क्रीनर कामाचा नाही. त्यासाठी एनएसईच्या संकेतस्थळावर निफ्टीचा पीई, पीबी (भाव भागिले पुस्तकी मूल्य) आणि लाभांश उतारा फुकट उतरवता येतो. पण एक मेख आहे. ३१ मार्च २०२१ ला एनएसईने स्वतंत्र पत्रकांऐवजी एकत्रित पत्रकांची कमाई धरायला सुरुवात केली आणि निफ्टीचा पीई एका दिवसात चाळिसावरून तेहतिसावर आला. बाजार त्या दिवशी जेमतेम एक टक्का पडला होता. म्हणून ‘निफ्टीचा वीस वर्षांचा सरासरी पीई’ सांगणाऱ्याला दोन्ही काळ कसे जोडले ते विचारा. बहुतेकांनी ते नीट जोडलेलेच नसतात. त्यापेक्षा कमाईचा उतारा, म्हणजे शंभर भागिले पीई, बरा: पीई २२ म्हणजे साडेचार टक्के. दहा वर्षांचा सरकारी रोखा साडेसहा देत असेल, तर मधले दोन टक्के कमाईच्या वाढीतून यायला हवेत, आणि धोक्याची भरपाई त्यावर वेगळी. सप्टेंबर २०२४ ला निफ्टी २६,२०० च्या वर होता, एप्रिल २०२५ मध्ये २२,००० च्या खाली जाऊन आला. ज्यांनी हे दोन टक्के मोजले होते त्यांना ती घसरण अनाकलनीय वाटली नसेल. तारीख मात्र कोणालाच सांगता आली नसती.

टेलिग्रामवर स्क्रीनरच्या पानाचे फोटो चिकटवून ‘टिप’ विकणारे बरेच आहेत. सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. सल्लागाराचा आयएनए ने आणि विश्लेषकाचा आयएनएच ने सुरू होतो, आणि तो सेबीच्या यादीत पडताळता येतो. फोटोत वरची पेटीच दिसत असेल तर क्रमांक विचारायचीही गरज नाही.

शेवटी पान उघडल्यावरची पहिली सवय. आकडे एकत्रित आहेत की स्वतंत्र, ते आधी पाहा. पत्रकाच्या मथळ्याखाली लिहिलेलं असतं आणि शेजारी बदलायचा दुवा असतो. नागपूरकर शोधपेटीत हल्दीराम टाकतातच. काही निघणार नाही, कंपनी नोंदलेली नाही. सिव्हिल लाइन्समधली वेस्टर्न कोलफिल्ड्सही वेगळी सापडणार नाही, ती कोल इंडियाच्या पोटात आहे. तिथे जाऊन चुकून स्वतंत्र पत्रक उघडलं तर मुख्यतः उपकंपन्यांकडून आलेला लाभांश दिसेल, आणि उमरेडचा कोळसा त्यात शोधूनही सापडायचा नाही.